गुब्बीला उतरायला शिकवणारे काका

आमच्या सोलापूरच्या घरमालकांइतका सावध माणूस परमेश्वरानं दुसरा घडवला नसावा. घडवायला घेतलाही असेल, पण पहिल्याच्या वेळी "देवा, जरा बेतानं, बोट चेमटेल" अशा सूचना साच्याच्या आतून ऐकून घ्याव्या लागल्यामुळे त्यानं तो बेत सोडून दिला असेल. बदली होऊन आम्ही नवराबायको सोलापुरात आलो आणि जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मागायला दारात उभे राहिलो, तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात काय शिजतं तेही विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून आमच्या चपलांकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, "जिना उतरताना फोनवर बोलता काय हो तुमी?" मी नाही म्हणालो. "आणि बाईसाहेब?" तीही नाही म्हणाली. "मग राहा की," ते म्हणाले, आणि भाड्याचा व्यवहार तिथंच पक्का झाला. सामान चढवायच्या दिवशी हमाल कपाट घेऊन जिन्याच्या वळणावर अडकले आणि खालून घरमालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, "निधान! निधान!" असा घोष सुरू केला. माझी बायको पांढरीफटक पडली. "कुणाचं निधन झालंय हो?" तिनं माझ्या कानाशी विचारलं. तेवढ्यात काकू ताकाचे पेले घेऊन आल्या आणि त्यांनी हसत खुलासा केला, की निधान म्हणजे कन्नडमध्ये सावकाश, जपून. त्या घरात आपसात कन्नड चाले आणि उंबऱ्याबाहेर मराठी. पण हा एक शब्द काका दोन्हीकडे सारखाच वापरत. मराठीत त्याच्या तोडीचा शब्द नाही, असं त्यांचं मत होतं.

काकांचं पेठेत भुसार मालाचं दुकान होतं. ते पुतण्याच्या हवाली करून काका घरी बसले आणि त्यांच्या सावधपणाला दिवसभराची मोकळीक मिळाली. कडक भाकरी ते आधी फडक्यात गुंडाळून मोडत, तुकडा उडून डोळ्यात जायला नको म्हणून. समोरच्या बाजूच्या दवाखान्यात जायचं झालं तर रस्ता ओलांडायच्या ऐवजी रिक्षा करत; रिक्षा पुढच्या चौकातून वळून त्यांना पलीकडे आणून सोडी. "अहो काका, चालत गेलात तर मिनीट लागेल," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "मिनीट लागेल का गाडी लागेल, ते तुमी सांगनार काय?" गड्ड्याच्या जत्रेत त्यांच्या मुलीनं लहानपणी मोठ्या पाळण्यासाठी हट्ट धरला होता. काकांनी तिकीट काढलं, तिला पाळण्यात बसवलं, फोटो काढला आणि पाळणा हलायच्या आत उतरवून घेतलं. काकू ही गोष्ट सांगताना पोट धरून हसत. मुलगी घरात असली तर ती मात्र हसत नसे.

ही मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि जाताना आपला पक्षी आईवडिलांकडे ठेवून गेली. पिवळं डोकं, त्यावर उभा तुरा, राखी अंग आणि दोन्ही गालांवर शेंदराचं बोट टेकवल्यासारखे ठिपके. पक्षी विकणारा त्या जातीला कॉकटेल म्हणत असे. तो दारूचाही प्रकार असतो असं कळल्यावर काकूंनी घरात त्या शब्दाला बंदी केली आणि पाखराचं नाव गुब्बी ठेवलं. गुब्बी म्हणजे कन्नडमध्ये चिमणी. नर की मादी हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण काकू 'ती' म्हणत म्हणून आम्हीही 'ती' म्हणू लागलो. विकणाऱ्यानं तिच्या पंखांची लांब पिसं अर्ध्यातून कापून दिली होती, आणि ही गोष्ट काकांना फार आवडली होती. पिसं पुन्हा वाढली की ते स्वतः पिंजरा मांडीवर घेऊन रिक्षानं जात आणि ती कापून आणत. न्हाव्याकडून पोराला परत आणावं तसे खुशीत येत. "उडत न्हाय म्हंजे धडकत न्हाय, धडकत न्हाय म्हंजे पडत न्हाय," असा त्यांचा हिशेब असे. गुब्बी हॉलभर फरशीवरून तुरूतुरू चालत फिरे आणि काका तिच्या मागून, आपल्या पायाखाली ती येऊ नये म्हणून, पाय न उचलता घसटत चालत.

एके दिवशी दुपारी काकू स्वयंपाकघरात होत्या, काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते आणि खिडकीतून एक मांजर आत आलं. काकांना ते दिसलं तेव्हा गुब्बी आणि मांजर यांच्यात एका खुर्चीचं अंतर होतं. गुब्बीनं पंख पसरले, जोरजोरात फडफडवले, वीतभर वर उठली आणि धप्पदिशी पुन्हा फरशीवर आली. परत उठली, परत पडली. मांजराचा पंजा तिच्या शेपटीवर पडला त्याच क्षणी काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून फेकलेलं लाटणं मांजराच्या पाठीत बसलं. मांजर गेलं, शेपटीची चार पिसं फरशीवर राहिली, आणि गुब्बी दिवाणाखालच्या कोपऱ्यात जाऊन बसली ती कुणाच्या हाकेला बाहेर येईना.

आरडाओरडा ऐकून आम्ही दोघं खाली धावलो. काका झोपाळ्याची कडी धरून उभे होते. संध्याकाळी ते जिना चढून वर आमच्याकडे आले. एरवी ते जिना चढत नसत. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "तिला पळता आलं न्हाय हो."

"पण वाचली ना, काका."

"वाचली की. काकूनं वाचवलं. पन ती उडायला बगत होती. दोनदा बगितलं तिनं." ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले. "पंख मीच कापून आनले होते. तेपन रिक्षाचं भाडं देऊन."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. उठताना म्हणाले, "आता कापायचं न्हाय. शिकवायचं. पन नीट शिकवायचं."

आणि मग सोलापुरातल्या सगळ्यात भित्र्या माणसानं एका पाखराला उडायला शिकवण्याचं काम हाती घेतलं. कापलेली पिसं लगेच वाढत नाहीत; ती झडून त्या जागी नवी येईपर्यंत थांबावं लागतं, असं गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. काकांना थांबायची अडचण कधीच नव्हती. पाऊस संपून थंडी पडेपर्यंत नवी पिसं येत होती आणि तेवढ्या अवधीत काकांनी घर तयार केलं. पहिल्यांदा खिडक्यांच्या काचा. पाखराला काच दिसत नाही, त्याला ती मोकळी हवाच वाटते, हे पुण्याहून मुलीनं फोनवर सांगितलं. त्यासरशी काकांनी काकूंच्या टिकल्यांची पाकिटं काढली आणि सगळ्या काचांवर ओळीनं टिकल्या लावून टाकल्या. मोठ्या लाल, बारीक काळ्या, खड्यांच्या. दूधवाला काकूंना म्हणाला, "घरात कार्य हाय का काय, अक्का?" आरशावर पंचा आला. भिंतीच्या खिळ्यावरचं घड्याळ खाली उतरलं. सोलापुरात पाणी येण्याच्या दिवशी घरोघरी पिंपं, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवतात. त्या सगळ्यांवर झाकणं आली, कारण तहानेलं पाखरू कडेवर बसून आत घसरलं तर बाहेर कसं येणार? पातेल्यांवर ताटं, बादल्यांवर परात, आणि जेवायला बसलं की काकू विचारत, "माझी ताटं कुठल्या पिंपावर हायत, तेवढं सांगा." तवा चुलीवर असेल तोवर स्वयंपाकघराचं दार बंद. आणि शेवटी छताचा पंखा. त्याच्या बटणावर काकांनी चिकटपट्टीचे आडवे-उभे इतके थर दिले, की ते बटण आहे हे माहीत असलेल्यालाच कळावं.

गुब्बीच्या शिकवणीला सकाळी मी काही वेळा हजर असे. दिवाणावर गाद्यांची थप्पी, तिच्या एका टोकाला खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर गुब्बी, आणि हातभर अंतरावर काका, चिमटीत राळ्याचं कणीस धरून. दुकानदारीच्या दिवसांपासून राळ्याची पारख त्यांना होतीच, आणि गुब्बीला राळे म्हणजे जीव की प्राण. "बा," काका म्हणत. बा म्हणजे ये. गुब्बी मान वाकडी करून कणसाकडे बघे, काकांकडे बघे, मधल्या अंतराकडे बघे. पहिले काही दिवस नुसतं बघण्यातच गेले. काका रागावत नसत, ओढत नसत, ढकलत तर मुळीच नसत. "तिचं तिला वाटलं पायजे," म्हणत आणि हात तसाच धरून बसत. हात भरून आला की दुसऱ्या हातात कणीस घेत. एका सकाळी तिनं उडी मारली. त्याला उडणं म्हणता येणार नाही, गादीत पडली, पण पंख चाललेले होते. काकांनी काकूंना हाक मारली, काकूंनी आम्हाला, आणि आम्ही खाली येईपर्यंत ती दुसऱ्यांदा उडून काकांच्या मनगटावर बसली होती. त्या दिवशी हातभराचं अंतर सव्वा हात झालं. काचेची ओळखही काकांनी अशीच करून दिली. तिला बोटावर घेऊन ते एकेका खिडकीपाशी जात, काचेला तिची चोच हळूच लागू देत आणि सांगत, "हितं रस्ता न्हाय. दिसतंय, पन न्हाय."

अंतर वाढत गेलं आणि एके दिवशी ती काकांच्या हातावर न उतरता सरळ वर गेली, पडद्याच्या दांडीवर. मी टाळी वाजवली. काकांनी मला थांबवलं. पाखरू वर जायला आपोआप शिकतं, उतरायला नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खालची जमीन त्याला एकदम खोल दिसत असावी. गुब्बी दांडीवरून खाली बघे, पुढे वाके, पंख उघडे आणि पुन्हा मागे सरकून बारीक आवाजात ओरडे. मी स्टूल आणायला निघालो.

"नको," काका म्हणाले.

"अहो, मी चढतो. तुम्ही नका चढू."

"तसं न्हाय ओ. तुमी आज उतरवून घेतलं तर उद्या ती तुमची वाट बगत बसंल. परवा तुमी नसाल."

मग त्यांनी दांडीखाली थोडं बाजूला शोकेस ओढलं, त्याच्या पुढं उंच पाठीची खुर्ची ठेवली, खुर्चीच्या पुढं स्वतः बसले. "हा जिना," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "पाखराला जिना? अय्यो, त्याला पंख दिलेत देवानं!" पण काकांना जिन्यांचं जितकं ज्ञान होतं तितकं जगात कुणाला नव्हतं. शोकेसवर त्यांनी राळ्याचं कणीस ठेवलं आणि बसून राहिले. जेवणाची वेळ झाली, टळली. काकूंनी ताट तिथंच आणून दिलं. मी ऑफिसला जाऊन परत आलो तेव्हाही काका खुर्चीपुढं बसलेलेच होते. गुब्बी शोकेसवर होती. दिवस कलताना ती खुर्चीच्या पाठीवर आली आणि तिथून काकांच्या खांद्यावर. काकांनी मान हलवली नाही, डोळे तेवढे तिरके करून तिच्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "बगितलं? चढतं कोन बी. उतरनं शिकवाय लागतं."

उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला पंखा बंद ठेवणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. पंख्याच्या बटणावरची चिकटपट्टी उन्हाळ्यातही तशीच, त्यामुळे हॉलमध्ये वारा नाही. काका उघड्या अंगानं, पंचा भिजवून खांद्यावर टाकून, घामानं निथळत "बा, बा" करत बसत. दुपारी लाईट गेली की सगळ्या गल्लीतून एकच "हाऽऽ" असा निःश्वास ऐकू येई आणि त्याच वेळी काका आनंदानं पिंजरा उघडायला धावत. पंखा फिरण्याची भीतीच नाही, अशी वेळ वीज कंपनीनं आपल्यासाठी मुद्दाम काढून दिली आहे अशी त्यांची भावना होती.

त्या मे महिन्यात मैंदर्गीहून काकूंचे थोरले भाऊ लग्नाच्या खरेदीसाठी आले. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पेठेत उन्हातून हिंडून ते दुपारी आले, अंगातला शर्ट काढून त्यांनी भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि दिवाणावर आडवे झाले. "पंखा हाय, पन फिरत न्हाय. ह्येला काय म्हनावं?" असं ते घोरण्याआधी म्हणाल्याचं काकूंना नंतर आठवलं. चिकटपट्टी त्यांनी नखानं सोलून काढली होती, बटण दाबलं होतं, आणि तेव्हाच लाईट गेलेली असल्यामुळे काहीच झालं नव्हतं. मग येईल तेव्हा फिरेल म्हणून बटण तसंच ठेवून ते झोपले होते. खिळ्यावरचा शर्ट नेमका त्या बटणावर लोंबत होता.

लाईट गेल्यामुळे वरच्या मजल्याचा तवा झाला होता म्हणून मी खाली आलो होतो. काकांनी पिंजरा उघडला. गुब्बी बोटावरून उडाली, हॉलला एक फेरी मारून पडद्याच्या दांडीवर बसली. आता ती शोकेस, खुर्ची असा जिना न घेता सरळ खोली ओलांडून समोरच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या काकांच्या हातावर येत असे, आणि तो तिचा मार्ग बरोबर पंख्याखालून जाई. काकांनी हात पुढं केला. "बा!"

गुब्बी निघाली, आणि बाहेर गल्लीत पोरं ओरडली, "आलीऽऽ!" फ्रिज गुरगुरला. पंख्याचं पातं हललं.

मी ते पाहिलं, काकांनी ते पाहिलं. बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं, पण पाय उचलेना. काकांचं तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. हात मात्र त्यांनी झटकन मागे घेतला आणि छातीशी धरला. पंखा वेग घेत होता. गुब्बी अर्ध्या खोलीत आली, शेपटी पूर्ण पसरून हवेतच थबकल्यासारखी झाली, एका अंगावर कलली, भिंतीच्या बाजूनं, खिडकीच्या काचेपासून वीतभर अंतर ठेवून, खाली खाली येत वळली आणि मामांच्या उघड्या पोटावर उतरली.

"कोन हाय रं!" मामा ओरडत उठून बसले. तोवर मी बटणापाशी पोहोचलो होतो. काका भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकले आणि फरशीवर बसले. काकू पाणी घेऊन धावत आल्या, मामांना भावाबहिणीच्या कन्नडमध्ये जे काय बोलायचं ते बोलल्या, मामा बिचारे "मला काय म्हाईत, मला काय म्हाईत" करत राहिले. काकांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. गुब्बी चालत त्यांच्याकडे आली आणि त्यांच्या गुडघ्यावर चढली, तसे ते म्हणाले, "मला वरडायला पन आलं न्हाय ओ." मग, जणू स्वतःशीच, "बरं झालं आलं न्हाय. वरडलो असतो तर ती सरळ माझ्याकडंच आली असती."

दुसऱ्या दिवशी पंखा उतरवला गेला आणि हॉलच्या खिडकीत कूलर आला. मामांनी स्वतःहून तो पेठेतून टेम्पोत घालून आणला. पण मला आठवतो तो त्याच आठवड्यातला एक फोन. काकांची मुलगी पुण्यात स्कूटर घ्यायची म्हणून नोकरी लागल्यापासून मागं लागली होती, आणि काका दर वेळी "बस हाय की" म्हणून विषय संपवत. त्या संध्याकाळी मी भाडं द्यायला खाली गेलो तेव्हा काका फोनवर म्हणत होते, "घे की मग. मी कुटं न्हाय म्हनतोय? पन आदी थांबवायला शीक. पळवायला येतंच." मग काकांनी दोनदा विचारलं, "हायस का? ऐकतीयस का?" काकू पदरानं उगीचच शोकेस पुसत राहिल्या.

पुढे माझी बदली झाली, आम्ही सोलापूर सोडलं. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला गेलो होतो तेव्हा काकांकडे जाऊन आलो. काचबिंदूनं काकांची दोन्ही डोळ्यांची नजर पार बारीक झाली आहे. माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते बोलल्यावर. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं, हाताला धरून शेजारी बसवलं, माझ्या तब्येतीची, बायकोच्या तब्येतीची, गाडीच्या टायरची चौकशी केली. गुब्बी कुठं आहे ते मला दिसेना. "हाय की," काका म्हणाले. "कूलर जरा बंद करा बगू."

काकूंनी कूलर बंद केला. हॉलमध्ये एकदम शांत झालं. काकांनी मान थोडी वर केली, डोळे मिटले. कुठूनतरी वरून पंखांचा आवाज आला, मऊ, झपझप, कुणी सुती कापड हळूच झटकत असावं तसा. "दांडीवरनं निघाली," काका म्हणाले. "आता काचंकडनं… आता वळली बगा." आवाज जवळ आला, संथ झाला. काकांनी हात पुढं केला नव्हता, "बा" म्हटलं नव्हतं. ते नुसते ऐकत होते, आणि मीही, कितीतरी वेळ.